या वर्षीचे मासे

इराच्या सासूबाईंना जाऊन तेरा महिने झाले होते. मधलं एक चिनी नववर्ष सिंगापूरच्या हौगांग भागातल्या त्या घरात सुतकातच गेलं. माणूस गेलं की वर्षभर घरात लाल रंग लावायचा नाही, अशी तिकडची रीत. शेजारपाजारच्या दारांवर लाल कागद, सोनेरी अक्षरं, अननसाच्या आकाराचे कंदील झुलत होते आणि सातव्या मजल्यावरचं तान कुटुंबाचं दार तेवढं उघडंबोडकं होतं. या वर्षी ती अडचण नव्हती. तरीही जानेवारीतल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी सांगून टाकलं, की खिडक्यांना यंदाही काही लावायचं नाही, करणार कोण ते सगळं. नणंदेनं, हुईशिननं, लगेच फोन काढला. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी सगळं घर एकत्र जेवतं, ते जेवण यंदा हॉटेलात करू, टेबल अजून मिळतंय, असं ती म्हणाली. इराचा नवरा कियात मान डोलवत होता.

"जेवण घरीच होईल," इरा म्हणाली. "आणि खिडक्याही होतील. मी करते."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तिला वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा सरळ फाडता येत नव्हती.

इरा पुण्याची, सबनिसांची. बारा वर्षांपूर्वी एका बँकेच्या नोकरीवर सिंगापूरला आली, तिथेच रिस्क डिपार्टमेंटमध्ये कियात भेटला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोघं टॅम्पिनीसला राहायचे आणि दर रविवारी हौगांगला जेवायला जायचे. सासूबाईंना घरात सगळे मा म्हणत, सासऱ्यांना पा. मांना मोडकंतोडकं इंग्रजी यायचं आणि इराला त्यांची तेओच्यू बोली चार-दोन शब्दांपलीकडे कळायची नाही. मांनी तिला कधी दुखावलं नाही आणि कधी फार जवळही ओढलं नाही. फक्त पहिल्याच जेवणात या परक्या सुनेनं माशाचं डोकं मागून घेतलं आणि काटे नीट बाजूला काढून ते संपवलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहून पसंतीची मान हलवली होती. तेवढीच काय ती दाद.

मांनी तीस वर्षं एका कारखान्यात बारीक तारा जोडण्याचं काम केलं होतं, आणि दरवर्षी नववर्षाच्या आधीचा महिना त्या जेवणाच्या टेबलावर लाल कागद पसरून बसायच्या. हातात काळ्या मुठीची छोटी कात्री. कमळं, पक्षी, फुलदाण्या, डाळिंबं, सगळं त्या एका कागदातून जाळीसारखं कापून काढायच्या आणि खिडक्यांच्या काचांवर चिकटवायच्या. 'खिडकीची फुलं' म्हणतात त्यांना. जुनी फुलं काढायची, नवी लावायची, हा क्रम एकदाही चुकला नव्हता. दुकानात चकचकीत छापील सजावट ढिगानं मिळते, पण तिच्याकडे मा ढुंकून बघायच्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी इरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. मांनी काही न बोलता एक घडी घातलेला लाल कागद आणि दुसरी कात्री तिच्यासमोर सरकवली. इराचा अहवाल संध्याकाळपर्यंत जायचा होता. तिनं हसून सांगितलं, "पुढच्या वर्षी, मा." मांनी कागद आणि कात्री परत ओढून घेतली. पुढच्या वर्षी त्या आजारी होत्या. अंथरुणात बसून त्यांनी फक्त बैठकीच्या खिडकीतले दोन मासे कापले, बाकीच्या खिडक्या तशाच राहिल्या. त्याच डिसेंबरात त्या गेल्या.

हे इरानं कुणाला सांगितलं नव्हतं, कियातलाही नाही.

त्या रविवारनंतरच्या पहिल्याच शनिवारी सकाळी ती हौगांगला जाऊन थडकली. कियातला तिनं घरीच ठेवलं. मांचे सगळे नमुने एका जुन्या जाडजूड टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांत दाबून ठेवलेले होते, हे तिला माहीत होतं. पांढऱ्या कागदावर कापलेले, कडा तपकिरी पडलेले नमुने. लाल कागद दुमडून त्यावर नमुना ठेवायचा, पेन्सिलीनं गिरवायचा आणि कापायचं, एवढं तिनं लांबून पाहिलं होतं. पांनी कपाटातून डिरेक्टरी काढून दिली आणि ते बाल्कनीतल्या खुर्चीत रेडिओ लावून बसले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

पंखा चालू ठेवला तर कागद उडायचा आणि बंद केला तर घाम ठिबकून कागदाचा लाल रंग फुटायचा. तिनं पंखा बंद केला आणि कपाळाला रुमाल बांधला. पहिलं कमळ उलगडलं तर त्याचे चार तुकडे झाले. दुसऱ्याची पाकळी तुटली. पक्ष्याचे पाय प्रत्येक वेळी गुडघ्यातच मोडायचे. संध्याकाळपर्यंत तिनं अकरा कागद फुकट घालवले, अंगठ्याला फोड आला, आणि एकही फूल खिडकीवर लावण्यासारखं झालं नाही. तिनं तुकडे गोळा केले, टेबल पुसलं आणि पांना सांगितलं की उद्या नऊ वाजता येते.

रात्री पुण्याला आईचा फोन झाला. इराच्या आईनं, सुचित्राबाईंनी, एके काळी भरतकामाचे खाके, म्हणजे कागदी नमुने, कापून विकले होते. इरानं फाटलेलं कमळ कॅमेऱ्यासमोर धरलं. आईनं चष्मा वर सरकवून पाहिलं आणि विचारलं, "बाहेरची कड आधी कापलीस ना?"

"हो."

"मग फाटणारच. आतली भोकं आधी. कड सगळ्यात शेवटी. कड आहे तोवर कागदाला अंगात जोर असतो."

चिकटवायला गव्हाच्या पिठाची पातळ खळ कर आणि त्यात चिमूटभर तुरटी टाक, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत, असंही तिनं सांगितलं. मग विचारलं, की हे करायला तुला त्यांच्यापैकी कुणी सांगितलंय का. इरा म्हणाली, कुणीच नाही.

"मग?"

"मला करायचंय."

लेकीचा हा आवाज आईला ओळखीचा होता. परदेशी जाताना आणि लग्न ठरवताना तिनं तो ऐकला होता.

आतलं आधी, कड शेवटी. दुसऱ्या आठवड्यात पहिलं कमळ अखंड निघालं. जाड, ओबडधोबड, पण अखंड. तिनं ते खिडकीच्या उजेडात धरलं, तर काठ उंदरानं कुरतडल्यासारखे दिसत होते. तिनं ते बाजूला ठेवून दुसरा कागद घेतला. ऑफिसात सोमवारी सहकाऱ्यांनी तिच्या बोटांवरच्या पट्ट्यांबद्दल विचारलं, तर तिनं मासे साफ करताना लागलं म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर कुणीतरी छापील सजावटीची लिंक पाठवली असती.

तिसऱ्या शनिवारी पा बाल्कनीतून उठून आले. त्यांनी तिच्या हातातली कात्री घेतली, पात्यावर बोट फिरवलं आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांनी एक चिनीमातीचा वाडगा पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर ते कात्री घासू लागले. बराच वेळ घासली. मग कात्री परत आणून दिली आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

"कात्री फिरवू नकोस," ते म्हणाले. "ती एका जागी ठेव. कागद फिरव."

इरानं वर पाहिलं.

"ती असं म्हणायची," पा म्हणाले. "मी कधी कापलं नाही. पण शेचाळीस वर्षं पाहिलंय."

कात्री एका जागी ठेवून कागद फिरवल्यावर पाकळीची गोलाई पहिल्यांदा पाकळीसारखी आली. इरानं ती पांना दाखवली. पांनी खुर्ची ओढली, लाल कागदाची एक बारीक पट्टी घेतली आणि ती बोटांत वळायला सुरुवात केली. दोऱ्याएवढी बारीक वळी झाली. ती त्यांनी दुमडलेल्या कागदांच्या भोकातून आरपार ओवली आणि दोन्ही टोकं दाबली. आता थर एकमेकांवरून सरकेनात. हे काम दरवर्षी त्यांच्याकडे असायचं, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी न सांगता वीस वळ्या करून ठेवल्या. पुढच्या शनिवारी इरा पोचली तेव्हा पंखा आधीच बंद होता आणि वळ्यांची बशी टेबलावर होती.

हुईशिनला हे कियातकडून कळलं. ती इराहून चार वर्षांनी मोठी, एका क्लिनिकमध्ये हिशेबनीस, एकटी राहणारी, आणि आईच्या शेवटच्या सहा महिन्यांत रोज संध्याकाळी हॉस्पिटलात बसलेली. तिनं इराला मेसेज पाठवला, की ते नमुने नाजूक आहेत, त्यांच्यावर पेन्सिल चालवू नकोस, मी ते सगळे फ्रेम करून घेणार आहे. इरानं उत्तर दिलं, की नमुन्यांना काही होणार नाही, ती आधी त्यांची झेरॉक्स काढते आणि झेरॉक्सवरच काम करते. ते खरंच होतं. कियात म्हणाला, "भांडू नकोस ना. तिला आईची आठवण येते." इरा म्हणाली की तिलाही मांची आठवण येते, आणि भांडण तिनं काढलेलं नाही.

स्वयंपाकघर आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांची फुलं झाली. राहिली बैठकीची मोठी खिडकी. तिथे दरवर्षी माशांची जोडी असे. चिनी भाषेत मासा आणि मुबलकता या दोन्हींचा उच्चार एकच, म्हणून नववर्षाला मासा हवाच. इरानं डिरेक्टरी पान न् पान चाळली. माशांचा नमुना नव्हता. मा ते मासे नमुन्याशिवाय, सरळ कात्रीनं कापायच्या, असं पा म्हणाले. आणि दोन वर्षांचे मासे कधी सारखे नसायचे. कियात परीक्षेत नापास झाला त्या वर्षी माशांची तोंडं खाली वळलेली होती, हे सांगताना ते पहिल्यांदा हसले. शेवटची जोडी मांच्या आजारपणात हुईशिननं काचेवरून अलगद सोडवून आपल्या घरी नेली होती. ती मागायला इरा गेली नाही. मागितली असती तर हुईशिननं दिली नसती, आणि दिली असती तरी इराला ती वापरवली नसती.

तिनं स्वतःच मासा काढला. एका चित्रावरून काढला, दोन दिवस खोडरबर चालवलं, मग पांना दाखवला. पांनी कागद हातात धरून लांब नेला, जवळ आणला.

"हा चित्रातला मासा आहे," ते म्हणाले. "चल."

ते तिला खाली बाजारात घेऊन गेले. शनिवारची सकाळ, फरशीवर पाणी, बर्फावर मांडलेली मासळी. ओळखीच्या मासेवाल्याला पांनी तेओच्यूत काहीतरी सांगितलं, आणि त्यानं एक मोठा मासा उचलून इराच्या दोन्ही हातांत ठेवला. इरानं जन्मभर मासे खाल्ले होते. सुरमई, पापलेट, हलवा, सगळे तिला चवीनं ओळखता येत. पण शेपूट अंगाला नेमकी कुठे जोडलेली असते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिथे मासा एवढा निमुळता होतो की मुठीत मावावा, आणि मग शेपूट एकदम उघडते. कल्ल्याची रेघ डोळ्याच्या बरीच मागे असते. खवले डोक्याकडे मोठे आणि शेपटीकडे बारीक होत जातात. ती मासा फिरवून फिरवून बघत राहिली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, तर मासेवाल्यानं त्यांना दुसऱ्या बाजूनं बोलावून घेतलं. शेवटी पांनी तोच मासा विकत घेतला आणि दुपारी दोघांनी तो खाल्ला.

तरीही जोडी जमायला नऊ कागद लागले. पहिल्यात शेपूट तुटली, तिसऱ्यात दोन्ही मासे एकमेकांपासून सुटे झाले, सहाव्यात सगळं जमलं आणि शेवटच्या कडेला कात्री घसरली. सहाव्यानंतर इरा उठून कॉरिडॉरमध्ये गेली. पाच मिनिटं कठड्याला धरून उभी राहिली. रडू आलं होतं, ते तिनं येऊ दिलं. मग आत येऊन हात धुतले, पुसले आणि सातवा कागद दुमडला. पांनी नवी वळी ओवून दिली. नववा कागद उलगडला तेव्हा तिनं तो पांपुढे धरला. पांनी रेडिओ बंद केला आणि तो कागद दोन्ही तळव्यांवर घेतला.

"खालच्या माशाची शेपूट थोडी जड आहे," ते म्हणाले. "पण पोहतो."

नववर्षाला नऊ दिवस राहिले होते. रविवारी इरानं खळ शिजवली. कियात शिडीवर चढून काचा पुसत होता. स्वयंपाकघर झालं, खोल्या झाल्या. मासे लावून इरा मागे सरकते तोच हुईशिन दारात उभी. ती डिरेक्टरी न्यायला आली होती. फ्रेमवाल्याशी बोलणं झालं होतं.

तिनं चप्पल काढली, आत आली आणि मोठ्या खिडकीकडे पाहून थांबली. तिचा चेहरा उतरला.

"हे तिचे नाहीत," ती म्हणाली.

इरा म्हणाली, नाहीत.

"ती जिवंत असताना तू एकदा तरी तिच्याजवळ बसलीस का हे शिकायला?"

कियात शिडीवरून मध्ये पडायला गेला, पण इरानं त्याला हातानं थांबवलं.

"नाही बसले," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला होता. मी पुढच्या वर्षी म्हणाले. ते शब्द मला परत घेता येत नाहीत, हुईशिन. रोज वाटतं घ्यावेत."

"मग ही नक्कल कशाला?"

"नक्कल नाही. मांचे मासे तुझ्या घरी आहेत, ते तसेच राहू देत. हे या वर्षीचे आहेत. पुढच्या वर्षी हे काढून मी नवे लावीन. त्याच्या पुढच्याही वर्षी लावीन. तुला आवडले नाहीत तरी लावीन."

हुईशिन टेबलाकडे गेली आणि तिनं डिरेक्टरी उचलली. तेव्हा पा बोलले. घरातल्या कुणाच्याही भांडणात ते कधी बोलत नसत.

"पुस्तक इथेच राहील," ते म्हणाले. "ते वापरायचं आहे."

हुईशिननं बापाकडे पाहिलं. डिरेक्टरी होती तिथे ठेवली, चप्पल घातली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरून गेली. कियात तिच्या मागे धावला, पण तो खाली पोचेपर्यंत तिची बस सुटली होती.

त्या आठवड्यात तिनं कुणाचा फोन घेतला नाही. हॉटेलात तिनं टेबल राखून ठेवलंय की नाही, हेही कळेना. इरा डगमगली नाही असं नाही. बुधवारी तिनं कियातला विचारलं, की मासे उतरवले तर ती येईल का. कियात म्हणाला, की येईल, पण मग पा पुन्हा बाल्कनीत जाऊन बसतील. इरानं मासे उतरवले नाहीत. तिनं हुईशिनला एवढाच मेसेज केला, की सोमवारी साडेसहाला जेवण आहे आणि तिची जागा मांडलेली असेल.

सोमवारी, नववर्षाच्या आदल्या दिवशी, बँक दुपारीच सुटली. इरानं आलं आणि खारवलेली आलुबुखारं घालून मासा वाफवायला ठेवला, तेओच्यू पद्धतीनं, पांनी शेजारी उभं राहून सांगितलं तसा. बदक पांनी बाजारातून आणलं होतं. चार वाडगे मांडले, चार जोड्या चॉपस्टिक ठेवल्या. साडेसहा झाले. सात वाजता पा म्हणाले की मासा गार होतोय. इरा म्हणाली, अजून दहा मिनिटं थांबू.

सात वाजून पाच मिनिटांनी हुईशिन संत्र्यांची पिशवी घेऊन आली. ती सरळ खिडकीपाशी गेली आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळून तिनं मासे पाहिले, जणू पावतीवरचे बारीक आकडे तपासत होती. मग टेबलाशी येऊन बसली. पांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून तिच्या वाडग्यात घातला. सगळे जेवू लागले. बदक चांगलं झालंय, रस्त्यात गर्दी होती, असं थोडंफार बोलणं झालं.

जेवण निम्मं झाल्यावर हुईशिननं चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"मी दहा वर्षांची असल्यापासून ती मला दरवर्षी शेजारी बसवायची," ती इराकडे बघून म्हणाली. "दरवर्षी मी उठून जायचे. अभ्यास आहे म्हणायचे. नंतर नोकरी आहे म्हणायचे. तुला तिनं एकदा विचारलं. मला पंचवीस वेळा विचारलं असेल."

पा वाडग्यात बघत होते.

सांत्वन करणं इराला खोटं वाटलं. तिनं फक्त विचारलं, की हुईशिनला शिकायचं आहे का. हुईशिन म्हणाली, माहीत नाही. मग म्हणाली, की खालची शेपूट जड झाली आहे, मांची कधी अशी नसायची. पा म्हणाले, मी हेच सांगितलं होतं. तेव्हा कुठे टेबलावर जरा मोकळेपणा आला आणि मधला काटा उचलून माशाची खालची बाजू वाढली गेली.

नंतरचे दोन महिने हुईशिन त्या विषयावर काही बोलली नाही, आणि इरानंही तिला टोचलं नाही. इरा मात्र हौगांगचा शनिवार सोडत नव्हती. आता कुठला सण नव्हता, घाई नव्हती. ती शेपटीच कापत बसायची. एका कागदावर सात-आठ शेपट्या. पा त्यातली बरी वाटेल ती डिरेक्टरीत दाबून ठेवत.

एप्रिलमधल्या एका शनिवारी हुईशिन आली. पर्समधून तिनं नवी कोरी कात्री काढली, किमतीची चिठ्ठी अजून तिच्यावर होती. पांनी ती घेतली, पात्यावर बोट फिरवलं, मान हलवली आणि वाडगा आणायला आत गेले. इरानं एक कागद दुमडला, त्यावर सोपंसं डाळिंब गिरवलं आणि तिच्यासमोर ठेवला. आतलं आधी, कड शेवटी, एवढंच सांगितलं.

पहिलं डाळिंब देठापाशी फाटलं. दुसरं मधोमध. तिसऱ्याला हुईशिननं तेओच्यूत एक शिवी दिली, आणि इराला त्या भाषेतले जे चार-दोन शब्द कळायचे त्यात नेमकी ती होती. चौथा कागद तिनं चुरगाळून टोपलीत टाकला, केस मागे बांधले, आणि पाचवा स्वतःच दुमडून पुढे ओढला.